‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्या मुलाशी काय बोलायचं?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा 14 वर्षांचा, नववीत. वर्षभरापूर्वीपर्यंत घरी येऊन सगळं सांगायचा, आता खोलीचं दार बंद असतं. त्याच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी वर्गातल्या मुलींची यादी टाकली, प्रत्येकीच्या दिसण्याला दहापैकी मार्क देऊन, खाली घाणेरड्या कमेंट. यानेही त्यावर हसण्याची इमोजी टाकली. आईने विचारलं तर म्हणाला, “सगळेच करतात. मी नाही हसलो तर मला बायल्या म्हणतील.” हल्ली बहिणीशीही तुसडेपणाने बोलतो. वडिलांचं म्हणणं, वयच असं असतं, मुलं अशीच असतात. आई विचारते: हे मित्र तोडायला सांगू का? फोन काढून घेऊ का?

आधी या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो. मित्र तोडायला सांगू नका. फोन कायमचा काढून घेऊ नका. आणि यादीचा विषय ‘वयच असं असतं’ म्हणून सोडूनही देऊ नका.

तुमच्या मुलाने तुम्हाला एक फार मोलाचं वाक्य दिलंय, ते रागाच्या भरात हातातून निसटू देऊ नका. ‘मी नाही हसलो तर मला बायल्या म्हणतील.’ यात त्याने दोन गोष्टी कबूल केल्या आहेत: हसावंसं वाटलं म्हणून तो हसलेला नाही, आणि त्याला भीती वाटते. मुलग्यांबरोबर काम करताना हे वाक्य काढून घ्यायला मला कित्येक बैठका लागतात. तुम्हाला ते स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या मिळालं. म्हणजे दार अजून पूर्ण बंद झालेलं नाही.

आपल्याला वाटतं, दबाव म्हणजे कोणीतरी दंडाला धरून ‘हे कर’ म्हणतंय. प्रत्यक्षात तसं क्वचित घडतं. दबाव म्हणजे बघणारे डोळे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. कधी एकट्याने खेळायचा, कधी दोन मित्र शेजारी असताना. मित्र शेजारी आले की 13 ते 16 वयाची मुलं खूपच जास्त धोका पत्करत होती. प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ पडला नाही. पुढे 2011 मध्ये अशाच खेळाच्या वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. मित्र दुसऱ्या खोलीतून बघताहेत हे माहीत असलं की किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग जास्त जागा होत होता. त्यामुळे ‘मित्राने विहिरीत उडी मारली तर तूही मारशील का?’ हा आपला पिढीजात प्रश्न विचारू नका. बाकीचे कठड्यावरून बघत असतील, तर काही मुलं खरंच मारतील.

आता यात पुरुषीपणा कुठून आला? व्हँडेलो आणि बॉसन या मानसशास्त्रज्ञांनी 2008 च्या सुमारास एक साधी पण महत्त्वाची गोष्ट मांडली: मुलगी वयात आली की ती बाई झाली असं लोक धरून चालतात, पण ‘मर्द’ असणं मात्र मिळवावं लागतं, चारचौघांत सिद्ध करावं लागतं, आणि ते कधीही हातचं जाऊ शकतं. नववीतला मुलगा रोज या परीक्षेला बसतो. आणि सिद्ध करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दुसऱ्या कोणालातरी खाली ढकलणं. कधी मुलींना, कधी वर्गातल्या मवाळ मुलाला, कधी ज्याचा आवाज अजून फुटलेला नाही त्याला. म्हणून ती यादी मुलींविषयी असली तरी मुलींसाठी केलेली नसते. ती मुलांनी मुलांना दाखवायला केलेली असते. मुलींना होणारा त्रास याने तसूभरही कमी होत नाही, पण उपाय कुठे करायचा ते कळतं.

त्यात या वयातलं शरीर. मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात 9 ते 14 या वर्षांत कधीही होऊ शकते. एकाच बाकावर एक दाढी करणारा आणि एक बारीक आवाजाचा असे दोघं बसलेले असतात. कितीतरी मुलांना हार्मोनच्या बदलामुळे काही काळ छातीला सूज येते, स्तनाग्राखाली गाठ लागते. बहुतेकांची ती एक-दोन वर्षांत आपोआप जाते. पण हे त्या मुलाला कोणीच सांगितलेलं नसतं. तो खेळाच्या तासाला टी-शर्ट बदलायला सगळ्यांच्या मागे थांबतो, उन्हाळ्यातही जॅकेट घालतो, पोहायला जायचं टाळतो आणि मनाशी ठरवून टाकतो की आपल्यातच काहीतरी बायकी आहे. असा मुलगा पुढे ग्रुपमध्ये सगळ्यात कडक शेरे मारताना दिसला तर मला नवल वाटत नाही. मुलींना पाळीबद्दल सांगणारं कोणीतरी आता बहुतेक ठिकाणी असतं. मुलग्यांना हे कोण सांगतं? तुमच्या मुलाच्या वडिलांना सुरुवात करायला हा विषय चांगला आहे.

शाळेतल्या कार्यशाळेत मी एक चिठ्ठ्यांचा खेळ घेतो. सगळ्यांना सारखे कागद आणि सारखी पेन्सिल देतो, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून शब्द न लिहिता फक्त खुणा करायला सांगतो. प्रश्न दोनच. ग्रुपवर मुलीच्या फोटोखाली घाण कमेंट आली की तुला स्वतःला मजा येते की कसंतरी वाटतं? आणि बाकीच्या मुलांना काय वाटत असेल? चिठ्ठ्या तिथेच उघडून फळ्यावर आकडे मांडतो. चित्र जवळजवळ नेहमी एकच असतं. स्वतःबद्दल बहुतेकांनी ‘कसंतरी वाटतं’वर खूण केलेली असते, दुसऱ्यांबद्दल बहुतेकांनी ‘मजा येते’वर. वर्ग फळ्याकडे बघत बसतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, “मग हसतं कोण, सर?” त्या दिवशी यापेक्षा जास्त काही शिकवायचं नसतं.

प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच वेगळे, बाकी सगळे सामील. प्रेंटिस आणि मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात दारूबद्दल हेच तपासलं होतं. तो अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वाटत होतं की दारू पिण्याबद्दल आपल्यापेक्षा इतर जास्त बिनधास्त आहेत. मुलग्यांची मतं काळाबरोबर त्या चुकीच्या कल्पनेच्या दिशेने सरकत गेली. मुलींची सरकली नाहीत. ‘सगळेच करतात’ या वाक्यात नेमका हाच धोका आहे. आज तो नाटक म्हणून हसतोय, पण अडवलं नाही तर वर्षभरात ते नाटक त्याचं मत होऊन बसेल. वडिलांनी ‘वयच असं असतं’ म्हणताना हा भाग लक्षात घ्यायला हवा.

सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं. आधी ठरवून बसवलेले बाकीचे लोक ठाम चुकीचं उत्तर देत, आणि मधला खरा माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या मागे जाई. पण त्या गर्दीत बरोबर उत्तर देणारा एकच साथीदार बसवला की चुकीच्या मागे जाण्याचं प्रमाण आधीच्या चौथाईवर येई. फक्त एका माणसामुळे. म्हणून मित्र तोडायला सांगू नका म्हणालो. त्याच ग्रुपमध्ये त्याला असा एकजण शोधायला मदत करा. त्यासाठी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: “तुमच्यातला असा कोण आहे, जो एकटा भेटला की वेगळाच वागतो?” मुलं लगेच नाव घेतात. तो मुलगा घरी येऊ दे, दोघांना एकत्र वेळ मिळू दे. बाकीच्यांबद्दल वाईट बोललात की तुमचा मुलगा त्यांची वकिली करू लागेल.

दुसरी गोष्ट, ‘नाही म्हणायला शीक’ असं सांगून भागत नाही. चौदा वर्षांच्या मुलाने भर ग्रुपमध्ये ‘हे चुकीचं आहे, मुलींचा आदर करा’ असं लिहिलं तर पुढचे दोन महिने त्याचीच खेचतील, आणि तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. त्याला इज्जत राखून बाहेर पडता येईल अशी वाट हवी. आधी फक्त न हसणं. इमोजी न टाकणं हेही पाऊल आहे, त्याला तसं सांगा. मग विषय बदलणं: “जुनं झालं रे, दुसरं काहीतरी टाक.” आणि तुमचं नाव वापरायची मोकळीक: “माझा फोन घरी तपासतात, इथे असलं टाकू नका, मला मार पडेल.” तुम्ही कधी हात उगारला नसला तरी त्याला खुशाल हे सांगू द्या. त्याच्या मित्रांमध्ये तुमची प्रतिमा राक्षसाची झाली तर काही बिघडत नाही.

एक ठरलेला शब्दही असू द्या. तो कुठे अडकला, कोणी सिगारेट पुढे केली, कोणी गाडी पळवायची पैज लावली, की त्याने तो शब्द मेसेज करायचा. तुम्ही लगेच फोन करून शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात ‘ताबडतोब घरी ये’ म्हणून ओरडायचं. घरी आल्यावर जाब विचारायचा नाही, निदान त्या रात्री तरी नाही. पहिल्याच वेळी उलटतपासणी केलीत तर दुसऱ्यांदा तो शब्द येणार नाही.

यादीबद्दल मात्र बोलावंच लागेल. समोरासमोर बसवून नको. चालताना, गाडीतून जाताना, भांडी आवरताना, म्हणजे दोघांचे डोळे दुसरीकडे असताना बोला. ‘का केलंस?’ टाळा, त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. आणि ‘त्या यादीत तुझ्या बहिणीचं नाव असतं तर?’ हा प्रश्न मला अजिबात आवडत नाही. आपली ती बहीण आणि बाकीच्या रिकाम्या, हेच त्यातून मुलगा शिकतो. शिवाय बहिणीच्या राखणदाराची भूमिका त्याला मिळते, आणि पुढे तिने कोणाशी बोलावं हेही तोच ठरवू लागतो. त्यापेक्षा सरळ विचारा: “ज्या मुलीला तीन मार्क दिले, तिने ते वाचलं असेल तर उद्या वर्गात शिरताना तिच्या डोक्यात काय चालेल?” मग गप्प बसा. तो ‘माहीत नाही’ म्हणेल. म्हणू दे. उत्तर तुम्हाला मिळालं नाही तरी प्रश्न त्याच्यापाशी राहतो.

त्याने इमोजी काढून टाकावी आणि ज्याने यादी टाकली त्याला एकट्याला, ग्रुपमध्ये नव्हे, ‘ती काढ यार’ एवढं कळवावं. मुलीची माफी मागायची का? तिला यादी माहीतच नसेल तर स्वतःचं मन हलकं करायला ती तिच्यासमोर नेऊ नये. तिच्यापर्यंत पोचली असेल तर छोटी, कारणं न देणारी माफी: ‘मी हसलो, ते चूक होतं.’ पुढे ‘पण सगळेच...’ आलं की माफी संपली.

ग्रुपवर कोणाचे नग्न किंवा खाजगी फोटो फिरत असतील तर प्रकरण वेगळं होतं. तिथे गुपित राखण्याचं वचन देऊ नका, आणि हे त्याला आधीच सांगून ठेवा. असे फोटो पुढे पाठवायचे नाहीतच, पण ‘पुरावा म्हणून’ स्वतःच्या फोनमध्ये साठवायचेही नाहीत. अल्पवयीनांचे असे फोटो जवळ बाळगणं हाच बऱ्याच देशांत गुन्हा आहे. मोठ्यांना ताबडतोब सांगायचं.

रील्समध्ये ‘खरा मर्द कसा असतो’ ते शिकवणाऱ्या ‘अल्फा’ मंडळींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बहिणीशी तुसडेपणा अचानक वाढला असेल तर त्याच्या फोनवर ही मंडळी असण्याची शक्यता आहे. यांची सुरुवात बरी असते. पहाटे ऊठ, व्यायाम कर, पैसा कमव, कोणापुढे लाचार होऊ नको. एकट्या पडलेल्या, कुठल्यातरी मुलीने नाही म्हटलेल्या, चेहऱ्यावर फोड आलेल्या मुलाला पहिल्यांदाच कोणीतरी ‘तू काहीतरी होऊ शकतोस’ म्हणालेलं असतं. दोन-चार रील्सनंतर सूर बदलतो: तुझं वाटोळं बायकांनी केलंय, त्यांना जागा दाखव. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की ॲप तसलेच आणखी दाखवतं, मग बघणारा पटून बघत असो की चिडून. इथे त्याची टर उडवू नका, टर उडवली की तो त्यांचा भक्त होतो. चांगल्या भागाला आधी हो म्हणा. मग सहज विचारा, हा माणूस पैसे कशातून कमावतो? बहुधा कोर्स विकून, वर्गणी घेऊन, म्हणजे मुलांच्या एकटेपणावरच. आणि दुसरं: “तू खरंच अडचणीत सापडलास तर अशा स्वभावाच्या माणसाकडे जाशील का?”

पुरुषीपणा वाईट, असं मुलाला सांगू नका. सोसण्याची ताकद, शब्द पाळणं, मित्रासाठी उभं राहणं, अंगमेहनत यांत वाईट काय आहे? घात करते ती ‘करायचं नाही’ची यादी: रडायचं नाही, घाबरायचं नाही, मदत मागायची नाही, माघार घ्यायची नाही, मुलीसारखं काही म्हणजे काही करायचं नाही. निओबी वे या संशोधिकेने अमेरिकेतल्या किशोरांच्या अनेक वर्षं मुलाखती घेतल्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी ही मुलं जिवलग मित्राबद्दल, त्याला सांगितलेल्या गुपितांबद्दल भरभरून बोलत. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बहुतेकांची ती मैत्री सुटलेली असे, पण तिची ओढ मात्र गेलेली नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत पुरुषांमधल्या आत्महत्यांचा जगभरचा दर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. मन मोकळं करायची सवय कोणत्या वयात सुटते, याचा त्याच्याशी संबंध नाही असं मला वाटत नाही. तुमचा मुलगा आत्ता नेमका त्या उंबरठ्यावर आहे.

वडिलांसाठी वेगळं लिहितो. व्याख्यान देऊ नका. तुमच्या स्वतःच्या ग्रुपवर बायकांवरचा विनोद येतो तेव्हा तुम्ही काय करता, ते मुलगा बघत असतो. शिकवणी तिथेच चालू असते. जमलं तर त्याच्या वयाचे असताना मित्रांच्या भीतीने केलेली एखादी गोष्ट त्याला सांगा, तात्पर्य न जोडता. बापालाही भीती वाटली होती हे कळणं मुलासाठी मोठं असतं. आणि बहिणीशी उद्धट बोलण्याला तुम्हीच, वडिलांनीच, अडवा. दिवसभर बाहेर दबून राहिलेला मुलगा घरी सगळ्यात सोप्या माणसावर राग काढतो हे खरं, पण कारण समजलं म्हणून वागणं खपवून घ्यायचं नाही. ‘चिडलायस ते दिसतंय. तिच्याशी असं बोलायचं नाही.’ दोन वाक्यं, आवाज न चढवता. आईनेच नेहमी अडवलं तर ‘बायकांच्या तक्रारी’ म्हणून तो कानाआड करील.

फोनपुरतं: रात्री घरातले सगळे फोन बेडरूमबाहेर चार्जिंगला, आई-वडिलांचेही. ग्रुपवरचं सगळ्यात वाईट बोलणं रात्री उशिरा होतं, हा माझा अनुभव. पाळत ठेवणारी ॲप लपूनछपून टाकू नका; एकदा सापडलं की तुमच्याशी बोलणं तो कायमचं थांबवेल.

झोप उडाली, खाणं सुटलं, सगळेच मित्र एकदम टाळू लागला, अंगावर खुणा दिसल्या, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर वाट न बघता समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मरणाबद्दल सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती मनातून काढून टाका आणि विचारा; तसं होत नाही.

राहिली शाळा. शाळेला कळवा, पण मुलाला सांगून, त्याच्या पाठीमागे नको. चुगलीखोर ठरणं त्याच्या जगात बायल्या ठरण्याएवढंच वाईट आहे. मुख्याध्यापकांना लेखी विनंती करा की माहिती कुठून आली ते कोणाला सांगू नये, प्रार्थनेच्या वेळी नावं वाचू नयेत आणि यादीत नावं असलेल्या मुलींना सगळ्यांसमोर बोलावू नये. जमलं तर आणखी एक सुचवा: असा त्रास थांबवायचं काम मुलांच्याच हाती द्यावं. शाळा अशा कामाला बहुतेक वेळा मॉनिटर किंवा पहिल्या नंबराचा मुलगा निवडते, आणि तिथेच काम फसतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यू जर्सीतल्या 56 शाळांच्या अभ्यासात निम्म्या शाळांमधल्या काही विद्यार्थ्यांच्या हाती भांडणं-त्रास कमी करायची मोहीम दिली होती. त्या शाळांमधल्या अशा तक्रारींची नोंद सुमारे 30 टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्याकडे बाकीची मुलं बघतात अशी मुलं त्यात जास्त होती तिथे परिणाम जास्त दिसला. खेळाचे प्रशिक्षकही उपयोगी पडतात. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो भागातल्या 16 शाळांत प्रशिक्षकांनी हंगामभर आठवड्यातून एकदा, फक्त पंधरा मिनिटं, खेळाडूंशी मुलींशी वागण्याबद्दल बोलायचं असा कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये आले: चुकीचं वागणाऱ्या मित्राला अडवण्याचं प्रमाण त्या मुलांमध्ये वाढलं होतं. तुमच्या शाळेत असा एखादा क्रीडाशिक्षक असेल, ज्याच्या एका नजरेने मुलं सरळ होतात, तर मुख्याध्यापकांच्या आधी त्याच्याशी बोलून बघा.